रात्रीच्या ट्रेकला हेडलॅम्प घ्यावा की हातातली बॅटरी?

तुम्ही विचारलंय : "मी सोलापूरचा. डिसेंबरात मित्रांबरोबर रात्री कळसूबाई चढायचा बेत आहे, पहिलाच नाइट ट्रेक. हेडलॅम्प घेऊ की साधा टॉर्च? किती लुमेनचा? मोबाईलवर भागेल का?"

मीही सोलापूरचाच. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मोबाईलवर भागणार नाही. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, तिथं दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाईल दातात धरून शिडी चढणारा एक पठ्ठ्या मी पाहिलाय. त्याच्या खाली असलेली मंडळी देवाचं नाव घेत होती. शिवाय कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, तर फोन लावायला चार्जिंग उरलेलं पाहिजे.

आता हेडलॅम्प की टॉर्च, तर दोन्ही घ्या. उत्तर गुळमुळीत वाटेल, पण हे मला कुठल्या ट्रेकवाल्यानं शिकवलेलं नाही, आमच्या तात्यांनी शिकवलंय. (आपल्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात ते सेल. पुढं मी तसंच लिहिणार आहे.)

तात्या म्हणजे माझे चुलते. मोहोळ तालुक्यात त्यांचा ऊस आहे. शेतीची लाईट पाळीनं येते, आणि रात्रपाळी असली की बारा-एकला उठून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जावं लागतं. चिखल, अंधार, खांद्यावर खोरं. आपण डोंगरवाले वर्षातनं चार रात्री जे करून फोटो टाकतो, ते तात्या गेली तीस वर्षं गुपचूप करतायत. मी कॉलेजात असताना नवाकोरा हेडलॅम्प कपाळाला बांधून ऐटीत त्यांच्याबरोबर निघालो. बांधावर दहा पावलं गेलो असेन-नसेन, पाय खड्ड्यात. तात्या म्हणाले, "ती कपाळावरची बंद कर आन् हातात घे. खाली धर. उजेड बघू नगं, सावली बघ."

फरक तिथल्या तिथं कळला. हेडलॅम्प डोळ्यांच्या वर चार बोटांवर असतो. उजेड ज्या रेषेत जातो, जवळपास त्याच रेषेत नजरही जाते. दगडाची सावली दगडामागं पडते, म्हणजे तुम्हाला ती दिसतच नाही. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत चेहरे कसे थापल्यासारखे सपाट येतात, तशी सगळी वाट सपाट दिसते. तोच उजेड कमरेच्या खालनं तिरका टाकला की बारक्या खड्यालाही लांब सावली फुटते, खड्डा काळा दिसतो, पायरी कुठं संपते ते कळतं. आणि वाटेत आडवं पडलंय ते काटकी आहे की आणखी काही, तेही. फुरसं हातभर लांबीचं, रंगानं मातीसारखं. समोरनं मारलेल्या उजेडात ते मातीत विरून जातं. घोणस, मण्यार, फुरसं हे तिन्ही विषारी आणि तिन्ही रात्रीचे. डिसेंबरच्या थंडीत ते कमी बाहेर पडतात हे खरं, पण तुमचा हा काही शेवटचा ट्रेक नसणार.

मग हेडलॅम्प कशाला? शिड्यांसाठी, बुटाची नाडी बांधायला, सॅकमध्ये हात घालायला, भाकरी खायला. आणि एका गमतीसाठी. बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, तो आलेला उजेड आला त्याच दिशेनं परत फेकतो. म्हणून उजेड तुमच्या डोळ्यांजवळ असेल तरच ती चमक तुम्हाला दिसते. कपाळावरच्या दिव्यानं माळावर बघा : खोकडाचे डोळे लांबनं लुकलुकतात, वाटेत बसलेल्या रातवा पक्ष्याचे निखाऱ्यासारखे दिसतात, आणि गवतात दवाचे हिरवट थेंब वाटतात ते जवळ जाऊन पाहिले तर कोळ्यांचे डोळे निघतात. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घाबरून दोन पावलं मागं आलो होतो. म्हणजे जनावर शोधायला कपाळ, जमीन वाचायला हात. चालताना माझ्या हातात बारकी बॅटरी असते आणि हेडलॅम्प कपाळावर, पण बंद किंवा अगदी मंद.

ढगात तर हे फारच जाणवतं. एका सप्टेंबरात राजगडाच्या वाटेवर रात्री ढग खाली उतरला. माझा हेडलॅम्प पूर्ण जोरात होता, आणि समोर दुधाची भिंत. जितका वाढवावा तितकी भिंत जाड. धुक्यात गाडीचा अपर मारल्यावर होतं तेच हे : डोळ्यासमोरच्या थेंबांवरनं उजेड उलटा डोळ्यात येतो. हेडलॅम्प काढून हातात धरला, गुडघ्यापाशी नेला, मंद केला, तेव्हा कुठं वाट दिसली. एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर हेडलॅम्प घ्या, कारण तो हातात धरता येतो. बॅटरी कपाळाला बांधता येत नाही.

लुमेन म्हणजे दिव्यातनं एकूण किती उजेड निघतो त्याचं माप. चालायला १०० खूप झाले. २०० ते ३०० लुमेनचा घ्या आणि खालच्या मोडवर वापरा. वरचा मोड वाट चुकल्यावर, लांबची खूण शोधायला. हजार-दोन हजारांच्या आकड्यांना भुलू नका. पल्ला दुप्पट करायचा तर त्याच झोतात उजेड चौपट लागतो, आणि सेलही त्याच हिशेबानं खाल्ला जातो. मी एकदा बाजारातनं असा भलामोठा आकडा छापलेला स्वस्तातला हेडलॅम्प आणला होता. दीड तासात त्याची पणती झाली, आणि अजून निम्मी उतरण बाकी होती.

चांगल्या कंपनीच्या खोक्यावर 'एएनएसआय एफएल १' (ANSI FL1, बॅटऱ्या-हेडलॅम्प मोजायचं अमेरिकी प्रमाण) असं लिहिलेलं असतं. ते असलं की आकडे एका मापानं मोजलेत असं समजा, पण मापाचा अर्थ माहीत पाहिजे. 'चालतो ४० तास' म्हणजे ४० तास तसाच उजेड देतो असं नाही; सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा तो वेळ असतो. आणि 'पल्ला ८० मीटर' म्हणजे ८० मीटरवर ०.२५ लक्स उजेड पडतो. लक्स हे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. ०.२५ लक्स म्हणजे किती? साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका.

हे वाचलं तेव्हा मला कोजागरी आठवली. आश्विन पौर्णिमेला सोलापुरातनं तुळजापूरला चालत गेला असाल तर तुम्हालाही आठवेल. पंचेचाळीस किलोमीटर, शहर मागं पडलं, उळे, तामलवाडी, आणि शेवटी घाट. माणसांची ही गर्दी आणि कुणाच्या हातात उजेड नाही. लागतच नाही. खोक्यावरच्या पल्ल्याचं शेवटचं टोक असतं ना, तेवढ्या उजेडात लोक रात्रभर चालतात. अर्थात डांबरी सडकेवर, डोंगरात नव्हे. पण डोळ्याला वेळ दिला तर त्याला किती थोडं पुरतं ते त्या रात्री कळतं. एक मात्र आहे : गर्दीच्या रात्री सोडून एरवी त्या रस्त्यानं गेलात तर पाठीला लाल लुकलुकता दिवा लावा. तिथं तुम्हाला दिसण्यापेक्षा मागनं येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसणं महत्त्वाचं.

डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि कुणी तोंडावर झोत मारला की ती सगळी कमाई क्षणात जाते. कळसूबाईला शनिवारच्या रात्री मुंग्यांसारखी रांग असते, त्यातला निम्मा त्रास हाच. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायची आपली सवय, आणि कपाळावर दिवा. मान खाली घाला, किंवा दिव्यावर हात धरा. हेडलॅम्पला लाल दिवा असेल तर थांबलेल्या ठिकाणी, तंबूत तोच लावा. अंधारात बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना गडद लाल रंग जवळपास कळतच नाही, म्हणून त्यांचं सरावणं मोडत नाही. चालायला मात्र लाल नको, त्यात उंचसखल नीट समजत नाही. आणि मे-जूनमध्ये त्याच भागात भंडारदऱ्याकडं काजवे बघायला गेलात तर झोत बंदच ठेवा. काजव्यांचं एकमेकांशी बोलणं उजेडानंच चालतं.

सेलबद्दल थोडं. पेन्सिल सेलवर चालणारा घेतला तर जादा सेल वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळतात, पहिल्या ट्रेकला हेच सोयीचं. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. चार्जिंगचा घेतला तर त्यात बऱ्याचदा १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्या सेलची ताकद ३५०० एमएएचच्या आसपास असते. ज्यावर ९९०० लिहिलंय तो सेल दुकानातच ठेवून या. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, शॉर्ट होऊन पेटू शकतो. सॅकमध्ये हेडलॅम्पचं बटण आपोआप दाबलं जातं, माझं दोनदा झालंय. लॉक असेल तर लॉक करा, नसेल तर एक सेल काढून ठेवा. आणि सेल डोळे मिटून बदलायची घरी सवय करा. हसू नका. सेल संपतात ते अंधारातच.

अडकलात तर खूण : मिनिटाला सहा वेळा उजेड दाखवायचा, एक मिनिट थांबायचं, परत सहा. समोरनं मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं म्हणजे कुणीतरी पाहिलंय. ही आल्प्समधली पद्धत, पण सगळ्या डोंगरांत समजून घेतली जाते. कळसूबाई अभयारण्यात येते, तेव्हा रात्री चढायला परवानगी आहे का हे बारी गावात आधी विचारा. वाटाड्याही तिथंच मिळेल.

निघायच्या आठवडाभर आधी दोन कामं करा. हेडलॅम्प पूर्ण चार्ज करून किंवा नवे सेल घालून गच्चीवर मधल्या मोडवर लावून ठेवा आणि किती तास टिकतो ते स्वतः बघा. दुसरं, शेत असलेला मित्र सोलापुरात नाही असं होत नाही. त्याच्या बांधावरनं एक रात्र चाला : आधी कपाळावर लावून, मग तोच हातात खाली धरून. मी इथं जे पानभर लिहिलंय ते पन्नास पावलांत कळेल.

तात्यांना मागच्या दिवाळीत मी एक चांगला हेडलॅम्प नेऊन दिला. कसा आहे विचारलं तर म्हणाले, "लई भारी. म्हैस व्याली त्या राती कामाला आला, दोनी हात मोकळं." दारं धरायला जाताना अजूनही हातात जुनीच बॅटरी असते.