वर्षावासात दीड मिनिटाचे व्हिडिओ: मुलांच्या धम्मवर्गाची आखणी

जय भीम ताई. सोलापुरातल्या विहारातली १० ते १४ वयाची मुलं, आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागी मुक्काम) आणि मोबाईलवर छोटे व्हिडिओ, असं तुम्ही विचारलंय. जमतं. फक्त शिकवणं रविवारच्या वर्गातच, व्हिडिओ त्याच्या तयारीपुरता.

१२ आठवडे धरा. पहिला त्रिसरणाला (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं), पुढचे ५ पंचशीलाला (वागण्याचे पाच नियम), आठवड्याला एकच शील. उरलेल्या ६ आठवड्यांत अष्टांगिक मार्गाची आठही अंगं सुटी कोंबू नका; शील, समाधी, प्रज्ञा असे तीन गट करा, प्रत्येकी दोन आठवडे. बाबासाहेबांनी धर्मांतराच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञा पुढच्या वर्षी.

व्हिडिओ असे: सोमवारी पाली, बुधवारी अर्थ, शुक्रवारी एक प्रश्न. उत्तर रविवारी तोंडीच घ्यायचं. दीड मिनिटाला १५० शब्द पुरे, जास्त झाले की वाचणारा धावायला लागतो. पाली तोडून म्हणा, जसं जीवहिंसा न करण्याचं पहिलं शील: पाणातिपाता... वेरमणी... सिक्खापदं... समादियामि. प्रत्येक तुकड्यानंतर मुलांना म्हणायला तेवढाच वेळ सोडा. घाईत 'समाधियामि' होतं आणि एकदा जिभेवर बसलं की निघत नाही, म्हणून अक्षरं पडद्यावर मोठी हवीत. याचाच नुसता ऑडिओ ग्रुपवर वेगळा टाका. विड्या वळणाऱ्या आयांचे हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात.

तिसऱ्या शीलाला, म्हणजे लैंगिक गैरवर्तन टाळण्याला, बरेच जण बगल देतात. देऊ नका. 'कुणाच्या मनाविरुद्ध अंगाला हात लावायचा नाही, आपल्याला कुणी लावला तर घरी सांगायचं' एवढं मुलांना नीट कळतं. पालकांना मात्र आधी कल्पना द्या.

रेकॉर्डिंगला पंखा बंद, फोन वीतभर अंतरावर, मागच्या-पुढच्या भिंतीवर चादरी टांगा (सोलापुरात त्यांना तोटा नाही), म्हणजे आवाज घुमत नाही. शेजारी लूम (यंत्रमाग) असेल तर सुट्टीचा दिवस गाठा.

खरी गडबड तयार रील्समुळे होते. त्यांत सिद्धार्थ म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून घर सोडतो. विहारात आपण बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, तिथे कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (सिद्धार्थाचं कुळ) आणि शेजारचे कोलिय यांचा वाद आणि युद्धाला त्याचा विरोध. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता का, हा बाबासाहेबांचा प्रश्न मुलांना भारी आवडतो. शुक्रवारसाठी तोच ठेवा. दोन्ही कथा आहेत हे सांगा, पण वर्ग एकाच ग्रंथावर चालवा.

आनापानसतीचा (श्वासावर लक्ष ठेवायच्या ध्यानाचा) व्हिडिओ नको. डोळे मिटायचे की स्क्रीन बघायची? ती १० मिनिटं रविवारी, विहारात, फोन बाहेर ठेवून.