भाव विचारण्याआधी नंबर प्लेट बघा

पाहुणे आले की मी पणजीत वरचेवर भाड्याच्या गाड्या घेतो, म्हणून कळकळीने सांगतो: आधी प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळेल, पण तिची पॉलिसी खासगी वापराची. भाड्यावर असताना ठोकली तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते.

‘फुल इन्शुरन्स आहे’ एवढ्यावर विसंबू नका. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचाच, पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. तुमच्या हातातल्या गाडीचं नुकसान ‘ओन डॅमेज’ या वेगळ्या विम्यात येतं आणि ती पॉलिसी मालकाची. क्लेम झाला तरी काही रक्कम तुमच्याकडून घेतली जाते. जास्तीत जास्त किती, ते करारात लिहून घ्या. गाडी गॅरेजमध्ये असेल तितक्या दिवसांचं भाडंही बरेच जण लावतात. म्हापशात माझ्याकडून बंपरला तडा गेला, तेव्हा दुरुस्तीपेक्षा हे भाडंच जड गेलं. जादा पैसे घेऊन देतात तो ‘डॅमेज वेव्हर’ बहुधा विमा नसतो, नुकसानीच्या वसुलीत गाडीवाल्याने दिलेली सवलत असते. टायर, काच, गाडीचा खालचा भाग त्यात येतो का, विचाराच.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. इंजिनात पाणी गेलं आणि पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर नसेल, तर खर्च तुमच्या माथी. दारू पिऊन चालवलीत तर ओन डॅमेजचा क्लेम मिळत नाही.

ताब्यात घेतानाच चारी बाजूंचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.