मार्शल: मंगळाचा की पागेतला?

एका वाचकाने विचारलंय: काउबॉयपटांच्या मराठी उपशीर्षकांत 'यू. एस. मार्शल' म्हणजे 'लष्करी अधिकारी' असं येतं. हा मार्शल आणि 'मार्शल लॉ'तला मार्शल एकच का? मराठीत काय म्हणावं?

एकच नाहीत हो! देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, एवढाच त्यांचा संबंध. 'मार्शल लॉ'तला मार्शल रोमन युद्धदेव मार्सचा, म्हणजे मंगळाचा. मार्च महिनाही त्याच्याच नावाचा. त्याला इथेच सोडू. आणि 'मारतो तो मार्शल' अशी व्युत्पत्ती छातीठोक सांगणारे जे विद्वान आहेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.

आपला मार्शल पागेतला. जुन्या जर्मनमध्ये 'मराह' म्हणजे घोडा, 'स्काल्क' म्हणजे नोकर. मार्शल म्हणजे चक्क मोतद्दार! राजाचा घोडा सांभाळता सांभाळता फ्रान्समध्ये तो सेनापतीपर्यंत चढला. कॉन्स्टेबलही त्याच दावणीचा: लॅटिन 'कोमेस स्ताबुली', पागेचा सरदार. (तबेल्याला यात ओढू नका. तो अरबी 'तवीला', जनावरं बांधायचा लांब दोर.)

अमेरिकेत १७८९च्या न्यायव्यवस्था कायद्याने जो मार्शल नेमला, तो लष्कराचा नव्हेच, कोर्टाचा माणूस. समन्स बजाव, वॉरंट बजाव, कैदी हजर कर. १८७० पर्यंत शिरगणतीसुद्धा त्याच्याच गळ्यात! १८७५ साली आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथला न्यायाधीश आयझॅक पार्कर आले. त्यांचे डेप्युटी मार्शल वॉरंटांचा गठ्ठा, गाडी आणि आचारी घेऊन इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूळ अमेरिकी जमातींसाठी राखलेल्या मुलखात, शिरायचे. पगार नाही, अटकेमागे फी आणि मैलामागे भत्ता. त्यांतला बास रीव्ह्ज गुलामीत जन्मलेला, अक्षरशत्रू. वॉरंटं कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, पाठ करायचा आणि आरोपी समोर आला की गठ्ठ्यातून नेमका त्याचाच कागद काढायचा.

समन्स बजावणाऱ्याला आपल्या कोर्टात काय म्हणतात? बेलीफ! आणि बेलीफ आला लॅटिन 'बायुलुस'वरून, म्हणजे ओझं वाहणारा हमाल. आता आपला 'बारगीर' पाहा: फारसी 'बार' म्हणजे ओझं, 'गीर' म्हणजे उचलणारा. मुळात ओझ्याचं घोडं. पुढे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. माझं तर ठाम मत आहे की हुद्द्यांची निम्मी नावं लीद उपसणाऱ्यांनी आणि ओझी वाहणाऱ्यांनीच कमावलेली आहेत. कोशकार अशा जोड्यांना 'योगायोग' म्हणून मोकळे होतात. होवोत. पागेत पाऊल न टाकता घोड्यांचे शब्द लावायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार!

बरं, प्रतिशब्द राहिलाच. 'मार्शल'च ठेवा, विधानसभेतून आमदारांना उचलून बाहेर नेणारे मार्शल मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहेत. फारच मराठी हवं असेल तर 'घोड्यावरचा बेलीफ' म्हणा. 'लष्करी' तेवढं खोडा.