कंपाउंड असेल तर पाळलेलं कुत्रं दिवसभर बाहेर एकटं सोडलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात पाचगावच्या बाजूला नवीन बंगला घेतलाय, चारी बाजूनं पाच फुटी कंपाउंड आहे, दहा महिन्यांचा लॅब (लॅब्रॅडॉर) आहे, दोघंही नोकरीला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोणी नसतं, तर त्याला अंगणात मोकळं सोडून गेलं तर चालेल का, गावाकडं तर सगळेच सोडतात. सरळ सांगतो, नका सोडू. अंगणात सोडणं वाईट नाही, उलट त्याला उन्हावाऱ्यात पळू दिलंच पाहिजे, पण कोणीतरी घरात जागं असताना. नऊ तास एकटं बाहेर, हे नको.

मी पण तुमच्यासारखाच विचार करायचो म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमचं घर फुलेवाडी रिंग रोडच्या आत आहे, मागच्या भिंतीला लागूनच ऊस. आमचा शेरा म्हणजे मुधोळ हाउंड ह्या शिकारी जातीचा आणि गावठीचा क्रॉस, लांब पायाचा, लई चपळ, त्यानं भिंतीवरनं उडी मारू नये म्हणून मी वर जाळी लावून घेतली होती आणि मला वाटायचं झालं आता, सेफ आहे. नोव्हेंबर होता, ऊसतोड चालू होती, शेजारचा फड दोन दिवसांपूर्वीच तुटलेला. आम्ही सगळे इचलकरंजीला लग्नाला गेलो, दहाला घर सोडलं आणि पाचला परत आलो. गाडीचा आवाज आला की गेटवर पाय टाकून उभा राहणारं कुत्रं, त्या दिवशी आलंच नाही. शोधलं तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलेला, मला बघून शेपूट हलवली पण उठला नाही. तोंडाची उजवी बाजू इतकी सुजलेली की तो डोळा पूर्ण मिटलेला, आणि नाकाच्या जरा वर दोन बारके ठिपके, त्यातनं रक्त पाझरत होतं, रुमालानं पुसलं की परत यायचं. मला आधी वाटलं गांधीलमाशी चावली असेल. आई म्हणाली, अरे गांधीलमाशीनं रक्त येतं का कधी, उचल त्याला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, किती वाजता चावलं? आणि आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही, साडेदहाला चावलं असेल किंवा साडेचारला. त्यांनी त्याच्या पायातनं थोडं रक्त काढून एका काचेच्या साध्या नळीत घेतलं आणि ती नळी न हलवता टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं थांबायचं म्हणाले. रक्त नीट असेल तर तेवढ्यात त्याची गोठून गाठ होते, नळी तिरकी केली तरी हलत नाही. वीस मिनिटांनी त्यांनी नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं सरसर काठापर्यंत आलं. घोणस, म्हणाले. घोणसीच्या विषानं रक्त गोठायचं बंद होतं आणि नंतर किडनीवर येतं. माणसाला जे सापाच्या विषावरचं इंजेक्शन देतात तेच कुत्र्याला पण देतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारींवर एकच असतं, पण ते जेवढं लवकर जाईल तेवढं कामाला येतं. डॉक्टरांनी त्यांच्याकडं होतं तेवढं दिलं, मी बाकीचं मेडिकल फिरून आणलं, सलाईन लावलं, रात्रभर तिथंच बसून होतो. सूज उतरली, दुसऱ्या दिवशी थोडं दूधपण प्याला. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली आणि चौथ्या दिवशी पहाटे गेला. डॉक्टरांचा काही दोष नाही, त्यांनी जेवढं करता येईल तेवढं केलं. तो कितीतरी तास त्या टाकीच्या मागं एकटा बसून होता, हे माझ्या डोक्यातनं अजून जात नाही.

त्याच आठवड्यात सर्पमित्राला बोलावलं, त्यानं परड्यात रचलेल्या जुन्या कौलांच्या खालनं घोणस काढली. जाताना शेराच्या जेवणाच्या ताटलीकडं बोट करून म्हणाला, दादा, ही ह्याच्यामुळं आली. मला कळलंच नाही आधी. मग त्यानं सांगितलं की आपण सकाळी भाकरी-दूध घालून जातो, कुत्रं अर्धं खातं, उरलेल्यावर उंदीर आणि घुशी येतात, आणि उंदरांच्या मागनं साप येतो, त्यात ऊस तुटला की शेतातले उंदीर आणि साप दोन्ही आसरा शोधत घराकडं सरकतात. आमच्या भिंतीला पावसाचं पाणी जायला खाली चार इंची भोकं ठेवलेली, ती सरळ फडाच्या बाजूला उघडणारी. कंपाउंड कुत्र्याला आत ठेवतं, बाहेरचं आत यायचं ते येतंच, हे मला तेव्हा समजलं आणि तुम्हाला मी कळकळीनं सांगतोय ते एवढ्यासाठीच, कारण पाचगावच्या पुढं पण सगळी शेतीच आहे.

उंदरांचं अजून एक म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुतातनं हा रोग पसरतो, साचलेल्या पाण्यात ते जंतू बरेच दिवस राहतात आणि कुत्रं डबक्यातलं पाणी पितं किंवा पायाला जखम असताना त्यात फिरतं, झालं. लिव्हर आणि किडनी दोन्हीवर जातं आणि माणसालाही होतो. कोल्हापुरात पाऊस कसा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे बघा. त्या दोन्ही पुरात लोक घाईघाईत घर सोडून गेले आणि बांधलेली जनावरं तशीच राहिली असं बऱ्याच ठिकाणी झालं. तुमचा भाग उंचावर आहे, पूर येणार नाही, पण पावसाळ्यात अंगणात डबकी होणारच. सेव्हन इन वन किंवा नाइन इन वन, म्हणजे बऱ्याच रोगांवरची एकत्र लस, तिचं इंजेक्शन वर्षाला चुकवू नका, त्यात लेप्टो असतं, तरीपण इंजेक्शन दिलंय म्हणून डबक्यात सोडायचं असं नाही.

मग गेट. बाहेरची कुत्री गेटच्या जाळीला नाक लावतात, हे आतनं लावतं, भांडतात, चावतात. रेबीजचं इंजेक्शन दिलेलं असलं तरी बाहेरच्या कुत्र्यानं चावा घेतला तर लगेच डॉक्टरकडं नेऊन परत डोस द्यावा लागतो, आणि चावा घेतलेला तुम्हाला दिसलाच नाही तर नेणार कसं? केसाखाली बारका दात लागलेला आठ दिवस कळत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की त्यावर औषध नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही. घरात कोणाला ओरबाडलं किंवा चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हळद-चुना लावत बसायचं नाही.

कुरिअरवाला, गॅसवाला, मीटर रीडिंगवाला, ह्यातला एकजण कडी लावायला विसरला की दहा महिन्यांचा लॅब रस्त्यावर, आणि लॅबला कोणीही आपलाच वाटतो, तो कोणाच्याही मागं जातो. चोरीला जायला वेळ लागत नाही. उलट तापट कुत्रं असेल तर ते त्या माणसालाच धरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि म्हणून कोणी म्हणेल की मग साखळीनं बांधून जातो, तर तेही नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीनं जनावर जास्त वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे दोन्ही गुन्हे आहेत. कायद्याचं सोडा, साखळी झाडाला किंवा ग्रीलला गुंडाळली जाते आणि पाण्याची वाटी दोन फुटांवर असून कुत्र्याला तिथवर पोचता येत नाही, हे मी आमच्याच बोळात भर एप्रिलमध्ये बघितलंय, त्या काकूंना फोन करून घरी बोलवावं लागलं.

ऊन तर लॅबसाठी लई वाईट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते गार होतं, थोडाफार घाम पायाच्या तळव्यांना. दुपारी बारानंतर कोबा आणि फरशी तापते, भिंतीची सावली सरकते, आणि सकाळी तुम्ही सावलीत ठेवलेली पाण्याची बादली एक वाजता उन्हात असते. पत्र्याचं शेड म्हणजे सावली नाही, भट्टी आहे. त्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ते १०५ च्या पुढं गेलं की जीवावर बेततं. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांडी, असं दिसलं तर साधं पाणी अंगावर घालायचं, फॅन लावायचा आणि नेताना पण ओला ठेवून न्यायचं. पण हे करायला घरी कोणीतरी पाहिजे ना.

बाकी थोडक्यात सांगतो. उंदरासाठी शेजाऱ्यानं टाकलेलं औषध, उसात टाकलेलं कीटकनाशक, कोणीतरी भिंतीवरनं टाकलेली मटणाची हाडं, लॅब ह्यातलं काहीही खातो, त्यांना पोट भरलंय हे कळतच नाही. गोचीड भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, तिच्यातनं येणारा ताप आधी नुसतं जेवण सोडल्यासारखाच दिसतो. दिवाळीत फटाके आणि गणपतीत डॉल्बी, एकटं कुत्रं घाबरून काय करेल सांगता येत नाही, पाच फूट भिंत तेव्हा काहीच नसते.

आता तुमचा गावाकडचा मुद्दा. माझं आजोळ पन्हाळ्याच्या बाजूला आहे, तिथं कुत्री मोकळीच असतात हे खरं. पण तिथं घर कधी रिकामं नसतं हो. आजी सोप्यात बसलेली असते, कोणी गोठ्यात असतं, कोणी वैरण घेऊन येतंय, कुत्र्याचा आवाज बदलला की कोणीतरी बघतं. तुमच्या बंगल्यात नऊ तास कोण बघणार? आणि दुसरं म्हणजे आपण दारात बसलेली कुत्री बघतो, जी परत आली नाहीत ती मोजत नाही. आजोळी माझ्या आठवणीत पाच कुत्री झाली, त्यातली दोन बिबट्यानं नेली, एक रानडुकरासाठी ठेवलेल्या गावठी बॉम्बला तोंड लावून गेलं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी ह्या पट्ट्यात बिबट्या नवीन नाही, आणि अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला त्यात त्याच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशोबानं ३९ टक्के. त्यामुळं त्या भागातलं कोणी वाचत असेल तर रात्री कुत्रं दाराच्या आत घ्या, ओसरीत बांधलेलं तर त्याला पळतापण येत नाही.

मग करायचं काय. शेरा गेल्यावर दीड वर्ष आम्ही कुत्रं आणलं नाही, मग चिमी आली, गावठीच. तिच्यासाठी मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भिंतीच्या भोकांना आतनं बारीक जाळी, कौलं आणि लाकडं भिंतीपासनं लांब, आणि बाहेर जेवण अजिबात नाही, घरातच खायचं आणि ताटली लगेच घासायची. आम्ही नसताना ती हॉलमध्ये असते, फॅन चालू, पाण्याच्या दोन वाट्या, चघळायला काहीतरी. सकाळी सहाला मी तिला पाऊण तास चालवतो, रंकाळ्यापर्यंत जाऊन यायचं, त्यानं ती दमते आणि मग बराच वेळ झोपते, कुत्री तशीही दिवसातला पुष्कळ वेळ झोपतात. दुपारी शेजारच्या काकू किल्लीनं दार उघडून वीस मिनिटं अंगणात घेऊन बसतात, आम्ही त्यांचं लाईटबिल भरणं, सिलेंडर चढवणं असली कामं करतो, असं आमचं चालतं. तुम्हाला असं कोणी नसेल तर दोघांपैकी एकानं जेवायच्या सुट्टीत यायला जमतंय का बघा, नाहीतर दुपारी एक फेरी मारायला कोणाला तरी पैसे देऊन ठेवा. तुमचं पिल्लू दहा महिन्यांचं आहे, पहिले पंधरा दिवस सोफा फाडेल, चपला खाईल, ते धरूनच चला, रागावू नका. एकदम नऊ तास कोंडू पण नका, सुट्टीच्या दिवशी आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास असं सवयीनं वाढवत न्या.

अंगण संध्याकाळी आहेच की. तुम्ही आलात, चहा घेऊन पायरीवर बसलात, गेटला कुलूप आहे, तेव्हा सोडा त्याला खुशाल तासभर, पळू दे, माती उकरू दे. फक्त अंधार पडायच्या आधी एकदा बॅटरी घेऊन भिंतीच्या कडेनं चक्कर मारा आणि आत घेताना तोंड, कान, पायाच्या बोटांमधली जागा हातानं चाचपा. मी चिमीचं रोज करतो, दोन मिनिटं लागतात.