डाव्या हाताची रेघाटी: बेस क्लेफ कसा वाचावा?

प्रश्न: मी अनेक वर्षे पेटी वाजवतो आणि आता पियानो शिकतो आहे. ट्रेबल क्लेफ (उजव्या हाताच्या पाच रेघांच्या ओळीच्या आरंभीचे, कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे ठरवणारे चिन्ह) जमला. परंतु डाव्या हाताच्या ओळीवर ‘ट्रेबलपेक्षा दोन स्वर पुढे’ असा हिशेब करावा लागतो आणि लय सुटते. या ओळीच्या बेस क्लेफ चिन्हाशेजारचे दोन ठिपके हिंदुस्तानी संगीताच्या भातखंडे लिपीप्रमाणे मंद्र (खालचे) सप्तक दाखवतात का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: नाही. भातखंडे लिपीत स्वराखालचा ठिपका मंद्र सप्तक सांगतो. येथे मात्र ठिपके एका रेघेच्या वर-खाली असतात आणि तीच रेघ ‘एफ’ या पाश्चात्त्य स्वराची, असे दाखवतात. ही खालून चौथी रेघ होय. अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो या इटालियन संगीतशिक्षकाने एफची रेघ लाल आणि सीची पिवळी आखण्याची रीत घातली होती; पुढे रंगाचे काम रेघेच्या आरंभी लिहिलेल्या अक्षराने केले आणि आजचे वळणदार चिन्ह त्याच ‘एफ’ अक्षराचे बदललेले रूप आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर पियानोवरील मधला सी ही मध्य सप्तकाची पांढरी एक (सप्तकातील पहिली पांढरी पट्टी) मानली, की ही रेघ तिच्या खालच्या सप्तकातील पांढरी चार ठरते. तेथून जी, ए, बी असे चढत गेल्यास मधला सी पाच रेघांच्या वर, एका जादा रेघेवर येतो. ट्रेबल क्लेफमध्ये तोच स्वर खालच्या जादा रेघेवर असतो. दोन्ही ओळी या सीभोवती आरशातल्यासारख्या मांडलेल्या आहेत, आणि मला ही रचना फार सुंदर वाटते: ट्रेबलमध्ये दोन रेघांमधल्या वरून दुसऱ्या जागेत सी, तर बेसमध्ये खालून दुसऱ्या जागेत सी, पुढचा सी तिकडे वरच्या, इकडे खालच्या दुसऱ्या जादा रेघेवर. हाच खालचा सी ट्रेबलमध्ये लिहायचा झाला, तर आठ जादा रेघा ओढाव्या लागतील.

म्हणून दोन स्वर पुढे मोजण्याची युक्ती सोडावी. ती स्वराचे नाव बरोबर देते, पण सप्तक देत नाही, आणि प्रत्येक स्वरासाठी मनात दोनदा वाचन करायला लावते. त्याऐवजी एफची रेघ आणि हे तीन सी पक्के करून शेजारचे स्वर त्यांच्यापासूनच्या अंतराने ओळखावेत. केवळ डाव्या हाताच्या सोप्या ओळी, स्वरांची नावे मोठ्याने म्हणत, अगदी विलंबित लयीत वाजवाव्यात आणि कागदावर स्वरांची नावे लिहून ठेवू नयेत, कारण मग डोळे रेघांकडे न जाता अक्षरांकडेच जातात.