एक नोव्हेंबरचा प्रमुख पाहुणा

प्रश्न : आम्ही मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले असून बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. येथील मराठी मंडळाची मी या वर्षी सचिव आहे. दिवाळी संमेलनासाठी हॉल मिळाला तो नेमका १ नोव्हेंबरचा. त्या सुमारास महाराष्ट्रातले एक मंत्री इकडे येणार असल्यामुळे कार्यकारिणीने त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले आणि निमंत्रणाच्या पत्रावर सचिव म्हणून माझी सही गेली. आता बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कुटुंबांनी विरोधाचे पत्र दिले असून त्यावर माझ्या यजमानांची सही आहे. पुण्या-मुंबईचे सभासद विचारतात, मंत्री तुमच्याच बाजूचे, मग अडचण कसली? गावी सासरे म्हणतात बहिष्कार घाला, सासूबाई म्हणतात परमुलखात तंटे नकोत. मुलगा ढोल-ताशा पथकात आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, पुण्या-मुंबईच्या सभासदांचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो खोडसाळपणाने विचारलेला नाही, त्यांना खरोखरच माहीत नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला सरकारी पातळीवर राज्योत्सव असतो आणि सीमाभागातला मराठी माणूस काळा दिन पाळतो. बेळगावात संभाजी उद्यानापासून निघणारी मूक सायकल फेरी, दंडावरच्या काळ्या फिती आणि मराठा मंदिरातली सभा हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांना त्याच संध्याकाळी तुतारीच्या गजरात मंत्र्यांचे स्वागत करायला सांगणे म्हणजे घरात सुतक असताना लग्नाला चला म्हणण्यासारखे आहे. मंत्री कोणत्या बाजूचे, हा मुद्दा तेथे येतच नाही.

दुसरे असे, की सीमाभागाला महाराष्ट्रातल्या नेत्यांचा राग नाही, पण त्यांच्या सत्कारांचा कंटाळा मात्र आला आहे. हा भाग मिळावा म्हणून महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली, आणि तो अजून निकाली निघालेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी सीमाभागातली ८६५ गावे महाराष्ट्रात घेण्यासाठी एकमताने ठराव केला. ठरावाच्या बातमीने गावोगावी आनंद झाला, आणि पुढे रोजच्या जगण्यात कागद कन्नडमध्ये येतच राहिले. १ जून १९८६ रोजी कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेल्यांचे स्मारक बेळगावजवळ हिंडलग्याला आहे. त्या स्मारकावर पुष्पचक्र वाहून गेलेले नेते पुष्कळ. पुढच्या वर्षी काय काम झाले ते सांगायला परत आलेले थोडे. तेव्हा तुमच्या यजमानांच्या पत्रामागची भावना मला समजते आणि ती रास्त वाटते.

तरीही दिलेले पत्र जसेच्या तसे ठेवावे, असे मी म्हणणार नाही. ‘मंत्र्यांना येऊ देणार नाही’ हे वाक्य त्यात असेल (अशा पत्रांत ते हटकून असते) तर ते आधी काढावे. येऊ देणार नाही, ही भाषा आपण कोणाकडून ऐकत आलो आहोत, ते आठवावे. निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या गाड्या अडवल्या जातात, तेव्हा आपण त्याला दडपशाही म्हणतो आणि ते योग्यच आहे. १७ जानेवारी २०२० रोजी हुतात्म्यांना अभिवादन करायला आलेले महाराष्ट्राचे राज्यमंत्री राजेंद्र पाटील यड्रावकर यांना बेळगावात पोलिसांनी ताब्यात घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई यांचा ठरलेला बेळगाव दौरा कर्नाटकाच्या विरोधानंतर झालाच नाही. एवढे सोसलेल्या माणसाने परदेशातल्या हॉलच्या दारात स्वतःचा नाका उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र येथे एक फरक आहे आणि तुमचे सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. पोलिसांनी एखाद्याला वाटेत अडवणे वेगळे आणि मंडळाच्या सभासदांनी आपल्या मंचावर शाल कोणाला घालायची ते ठरवणे वेगळे. पहिल्यात माणसाचा हक्क जातो. दुसऱ्यात बोलावणारा आपला हक्क वापरतो, कारण प्रमुख पाहुणेपण हा मान आहे, आणि मान कोणाचा हक्क नसतो. म्हणून कार्यकारिणीला ‘हा मान या दिवशी देऊ नका’ असे सांगण्याचा तुमच्या यजमानांना पूर्ण अधिकार आहे. हॉलच्या व्यवस्थापकाला निनावी फोन करणे, दुसऱ्या मंडळांना मंत्र्यांचा कार्यक्रम घेऊ नका म्हणून धमकावणे किंवा दारात पाहुण्यांची गाडी अडवणे हे त्या अधिकारात बसत नाही. एखाद्या सभासदाच्या घरी मंत्री चहाला गेले तर तो त्या घराचा प्रश्न आहे.

बदलून द्यायचे पत्र लहान असावे आणि सही करणाऱ्याने स्वतःच्या नावाने करावे. ‘समस्त सीमावासीय’ अशी सही करू नये, कारण समस्तांनी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलेले नाही. मजकूर साधारण असा चालेल : ‘१ नोव्हेंबर हा आमच्या घरांत काळा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी दिवाळी संमेलन होण्यास आमची हरकत नाही. कोणत्याही राज्याच्या, कोणत्याही पक्षाच्या मंत्र्यांचा सत्कार त्या दिवशी आपल्या मंचावर होऊ नये, अशी आमची विनंती आहे. मंत्रिमहोदयांना सभासदांशी बोलायचे असल्यास दुसऱ्या दिवशी वेगळी बैठक ठेवावी. आम्ही तिला येऊ आणि सीमाप्रश्नाच्या दाव्याविषयी प्रश्न विचारू.’ यातला ‘कोणत्याही राज्याच्या, कोणत्याही पक्षाच्या’ हा भाग गाळू नका. तो गाळला, तर उद्या दुसऱ्या पक्षाचे कोणी आले की आजचे विरोधक स्वागताध्यक्ष होतात, आणि मग तारखेचा आदर वगैरे सांगायला तोंड राहत नाही.

हे असेच होते, याचा पुरावा आमच्या दारात आहे. बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा २ मार्च २०२३ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याचे अनावरण केले आणि ५ मार्चला काँग्रेसने त्याच पुतळ्याचे पुन्हा अनावरण केले. महाराज एकच, अनावरणे दोन, आणि तोंडावर निवडणूक. उत्सवात राजकारणी आला की उत्सव त्याच्या हिशेबात जमा होतो, मग तो आपला असो की परका.

वेळेचे म्हणाल, तर जे करायचे ते पत्रिका छापण्याआधी करा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या व्हार्टन या व्यवस्थापन-शिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी भरवलेल्या परिषदेत नरेंद्र मोदी यांचे भाषण जाहीर झाले आणि प्राध्यापक व विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर मार्चमध्ये ते रद्द करावे लागले. भाषण झाले असते तर जेवढी चर्चा झाली असती, तिच्यापेक्षा कितीतरी अधिक ते रद्द झाल्याची झाली आणि आयोजक दोन्हीकडून बोल खाऊन बसले. तुमच्या बाबतीत निमंत्रण गेले आहे, पण पत्रिका निघालेली दिसत नाही. अध्यक्षांनी मंत्र्यांच्या कार्यालयाला तारखेची अडचण सभ्य शब्दांत कळवून दुसऱ्या दिवसाची बैठक सुचवली, तर कोणाचाही अपमान होत नाही. सीमाभागाचा काळा दिन महाराष्ट्राच्या मंत्र्याला समजावून सांगावा लागू नये. लागला, तर त्यातूनही काही कळेलच.

कायद्याची बाजू थोडक्यात. तुमचे मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल, तर राजकीय व्यक्तीला बोलावण्यास मनाई नाही. परंतु अशी संस्था कोणत्याही राजकीय पक्षाला पाठिंबा देऊ शकत नाही. मंचावरून पक्षप्रचार झाला तर जबाब विश्वस्तांना द्यावा लागतो. कार्यकारिणीत हे सांगून ठेवा, म्हणजे विरोध करणारे तेवढे भांडखोर, हा समज सैल होईल.

आता घरचे. निमंत्रणावर तुमची सही आहे ती सचिवाची. तिच्यासाठी यजमानांची माफी मागण्याचे कारण नाही, आणि त्यांच्या सहीसाठी तुम्ही कार्यकारिणीची मागू नये. पुढच्या बैठकीत ‘या विषयात माझ्या घरातून पत्र आले आहे, म्हणून मी मत देणार नाही’ असे सांगून ते इतिवृत्तात नोंदवा आणि यजमानांचे म्हणणे त्यांनाच मांडू द्या. रात्री जेवताना कार्यकारिणीच्या ग्रुपवरचे मेसेज त्यांना दाखवणे मात्र आजपासून बंद करा. सचिवपद तेथेच धोक्यात येते.

मुलाने ढोल जरूर वाजवावा, पण संमेलनाच्या आरंभी. पाहुण्यांच्या स्वागतासाठी वेगळे वादन ठेवले असेल, तर त्यातून बाहेर राहण्याची मुभा त्याला पथकप्रमुखांकडून आधी मिळवून द्या. फोटोंचेही बोलून ठेवा. तुमच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा गावी रात्र झालेली असते, आणि सकाळी खानापूरच्या स्टँडवर चहा घेताना कोणीतरी तुमच्या सासऱ्यांपुढे मोबाईल धरतो : नातू मंत्र्यांना गुच्छ देताना. आदल्या दिवशी ते स्वतः काळी फीत लावून फेरीत गेलेले असणार. त्यांना ते चित्र परक्याच्या हातून दिसता कामा नये.

सासऱ्यांना बहिष्काराविषयी होकार किंवा नकार इतक्यात कळवू नका. त्यांना फोन करून १९८६ चे विचारा. तेव्हा ते कोठे होते, घरात काय झाले. मुलालाही शेजारी बसवा. त्यांना मंडळाच्या राजकारणापेक्षा आपल्या दिवसाचे कोणाला काही वाटते की नाही, याची काळजी अधिक असते, असा माझा अनुभव आहे. सासूबाईंचे म्हणणे घाबरटपणाचे समजू नका. परदेशात अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून येणार ते याच मंडळातले लोक, पुण्याचेही आणि मुंबईचेही, हे त्यांनी बरोबर ओळखले आहे.

कार्यकारिणीने ऐकले नाही आणि सत्कार त्याच दिवशी ठेवला, तर यजमानांनी काळी फीत लावून सभागृहात बसावे, घोषणा देऊ नये, आणि प्रश्नोत्तरे असतील तर २००४ च्या दाव्याविषयी एक नेमका प्रश्न विचारावा. ज्यांना यायचेच नसेल त्यांनी खुशाल येऊ नये. फक्त दीडशे पानांचे जेवण तुमच्याकडच्या कुटुंबांनी अंगावर घेतले असेल, तर ते सोडायचे की नाही, हे आठ दिवस आधी सांगा. दुधाचा कुंदा आयत्या वेळी कोणालाही आटवता येत नाही.