‘सोला स्क्रिप्चुरा’ मराठीत कसं म्हणायचं, आणि त्यातला ‘च’ कुठे लावायचा

ताई, आधी तुमचा प्रश्न इथे थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. शरणपूरच्या चर्चमधल्या तरुणांसाठी तुम्ही एक छोटी पुस्तिका मराठीत करताय, त्यात ‘सोला स्क्रिप्चुरा’ (प्रॉटेस्टंटांचं मूळ तत्त्व, की श्रद्धेच्या बाबतीत निवाडा केवळ शास्त्राने करायचा) हे लॅटिन शब्द पानोपानी येतात, एकाने त्याचं ‘फक्त पवित्र शास्त्र’ केलंय, दुसऱ्याने ‘शास्त्रप्रामाण्य’, आणि नाशिकरोडच्या तुमच्या कॅथलिक मावशींनी मसुदा वाचून विचारलं की म्हणजे चर्च, परंपरा, संत, पोप सगळे केराच्या टोपलीत का? तर शब्द कुठला घ्यावा आणि मावशी म्हणतात तसा अर्थ खरंच होतो का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

माझं मत विचाराल तर ‘शास्त्र हेच अंतिम प्रमाण’ असं करा. लांब आहे, मान्य, पण यातला एकही शब्द गाळला की भांडण सुरू होतं. आणि मावशींचा आक्षेप मूळ कल्पनेवर नीट बसत नाही, ‘फक्त पवित्र शास्त्र’ या भाषांतरावर मात्र अगदी बरोबर बसतो.

‘फक्त’पासून सुरू करू. मूळचा अरबी शब्द, मराठीत इतका मुरलाय की चेकवर आपण ‘रुपये पाच हजार फक्त’ लिहितो, म्हणजे इथे रक्कम संपली, पुढे कोणी काही जोडायचं नाही. ‘फक्त पवित्र शास्त्र’ वाचल्यावर मराठी माणसाच्या कानाला हेच ऐकू येतं, की यापुढे काही नाही, दुसरं काही वाचू नका, कोणाचं ऐकू नका. लॅटिनमध्ये मात्र तसं नाहीये. ‘सोला स्क्रिप्चुरा’ ही तिथली प्रथमा नाही, आपल्या तृतीयेच्या जवळ जाणारी विभक्ती आहे, ‘केवळ शास्त्राने’, ‘केवळ शास्त्राच्या आधारे’. लिहिताना प्रथमा आणि ही विभक्ती सारखीच दिसते म्हणून पटकन कळत नाही, पण याच्याच जोडीला म्हणतात ते ‘सोला फिदे’ बघा, तिथे प्रथमा असती तर ‘फिदेस’ झालं असतं, ‘फिदे’ म्हणजे ‘विश्वासाने’. तसंच हे. आता ‘शास्त्राने’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, शास्त्राने काय करायचं? तर शेवटचा निवाडा. म्हणजे वाक्यात एक क्रियापद लपलेलं आहे आणि ‘फक्त शास्त्र’ म्हणताना ते पडून जातं.

आता ‘च’. मराठीत हे एक अक्षर जिथे चिकटेल तिथे अर्थ फिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘शास्त्रच प्रमाण’ म्हणजे दुसरं कुठलंही प्रमाण नाही, बुद्धी नाही, मंडळी म्हणजे चर्च नाही, जुने ख्रिस्ती आचार्य नाहीत. ‘शास्त्र प्रमाणच’ म्हणजे शास्त्र प्रमाण आहे यात वाद नाही, बाकीचीही असतील, आणि हे तर कुठलाही कॅथलिक डोळे मिटून मान्य करेल. ‘शास्त्रच अंतिम प्रमाण’ म्हणजे प्रमाणं बरीच आहेत, पण त्यांच्यात जुंपली तर शेवटचा शब्द एकाचा. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांचं म्हणणं हे तिसरं होतं. त्यांच्यातला जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथर १५२१ मध्ये वर्म्सच्या राजसभेपुढे उभा राहिला तेव्हा तो काय म्हणाला, तर पोप आणि धर्मपरिषदा चुकल्यात, एकमेकांना छेद देणारंही बोलल्यात, मला शास्त्राच्या पुराव्याने किंवा स्वच्छ युक्तिवादाने पटवून द्या, नाहीतर मी माघार घेणार नाही. बघा, युक्तिवाद त्याने सोडला नाहीये. जुन्या धर्मपरिषदांचे विश्वासांगीकार (श्रद्धा नेमकी काय ते सांगणारी अधिकृत विधानं), ऑगस्टीनसारखे जुने आचार्य, हे सगळं तो आणि दुसरा सुधारक कॅल्विन भरभरून वापरतात. फक्त यातल्या कशालाही ते दोघे शास्त्राच्या वर बसू देत नाहीत.

ही रचना आपल्याला परकी मुळीच नाही, पंचवटीत कुठल्याही गुरुजींना विचारा, ‘श्रुतिस्मृतिविरोधे तु श्रुतिरेव गरीयसी’ हे ते झोपेतही म्हणतील. श्रुती आणि स्मृती यांच्यात विरोध आला तर श्रुतीच वरचढ. स्मृती टाकून दिली असं त्यात कुठे आहे? रोजच्या संकल्पात ‘श्रुतिस्मृतिपुराणोक्त’ असं तिघांचंही नाव घेतलं जातं, पण उतरंड ठरलेली आहे. आणि तो ‘श्रुतिरेव’मधला ‘एव’ म्हणजेच आपला ‘च’. मला विचाराल तर ‘सोला’चा अर्थ कुठल्याही कोशापेक्षा या अर्ध्या ओळीतून मराठी वाचकाला लवकर कळेल. अर्थात पुस्तिकेत ही ओळ घालायची की नाही ते तुमच्या मंडळींना विचारूनच ठरवा, कोणाच्या भुवया उंचावतील सांगता येत नाही!

त्यातून शरणपूरचं तर अजून सोपं आहे. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ही वस्ती एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली हे बऱ्याच नाशिककरांना माहीत नसतं. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे शिकली, त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि लिव्हिंगस्टनचं शव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडला पोचला (विषयांतर झालं, पण नाशिकची गोष्ट आहे म्हणून राहवलं नाही). तर ही सोसायटी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, आणि अँग्लिकन लोकांची श्रद्धा सांगणारी १५७१ ची जी एकोणचाळीस कलमं आहेत त्यात सहावं कलम म्हणतं की तारणासाठी, म्हणजे आत्म्याच्या उद्धारासाठी, लागणारं सगळं शास्त्रात आहे, जे त्यात नाही किंवा त्यावरून सिद्ध होत नाही ते कोणावर विश्वासाची अट म्हणून लादायचं नाही. आणि विसावं कलम म्हणतं की विश्वासाच्या वादात चर्चला अधिकार आहे, फक्त शास्त्राविरुद्ध काही ठरवता येणार नाही. दोन्ही कलमं एकाच कागदावर. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकनांबरोबर इतर परंपरांची मंडळीही त्यात आली, तो वेगळा विषय, पण मावशींना दाखवायचंच असेल तर विसावं कलम दाखवा.

‘शास्त्रप्रामाण्य’ दिसायला भारदस्त आहे, व्याकरणानेही चूक नाही, तरी मी घेणार नाही. कारण आगरकरांपासून पुढे मराठीत ‘ग्रंथप्रामाण्य’, ‘शब्दप्रामाण्य’ हे शब्द टीकेसाठी वापरून वापरून त्यांना एक वास लागलाय, समोर ‘बुद्धिप्रामाण्य’ उभं असतं आणि हे दुसऱ्या बाजूचं, डोकं गहाण टाकल्याचं. ‘प्रामाण्य’ म्हटलं की शिकलेल्या मराठी वाचकाच्या मनात आधीच निकाल लागलेला असतो. ‘प्रमाण’ला तो डाग नाही, कारण प्रत्यक्ष आणि अनुमानसुद्धा प्रमाणंच.

खुद्द ‘शास्त्र’ हा शब्द तर भलताच निसरडा. भौतिकशास्त्र पण शास्त्र, आणि हळदीकुंकवाला ‘शास्त्र असतं ते’ पण शास्त्र, आणि उपासाच्या दिवशी ‘शास्त्रापुरतं घ्या’ म्हटलं की चमचाभर, म्हणजे नावापुरतं. मराठी बायबलमध्ये ‘शास्त्री’ हे तर येशूचे विरोधकच, शास्त्री आणि परूशी (त्या काळचा एक कर्मठ यहुदी पंथ) अशी जोडगोळी येते, आणि मत्तयाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की येशू त्यांच्या शास्त्र्यांसारखा नाही तर अधिकार असल्यासारखा शिकवत होता. म्हणून पुस्तिकेत सगळीकडे नुसतं ‘शास्त्र’ न लिहिता पहिल्यांदा ‘पवित्र शास्त्र’ लिहा, मग पुढे ‘शास्त्र’ चालेल. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘शास्त्रलेख’ असा छान शब्द आहे, तिथेच वादाचं मूळही आहे, कारण प्रत्येक शास्त्रलेख ‘उपयोगी’ आहे असं तिथे म्हटलंय. कॅथलिक म्हणतात, बघा, उपयोगी म्हटलंय, पुरेसा कुठे म्हटलंय. प्रॉटेस्टंट म्हणतात पुढचं वचन वाचा, देवाचा भक्त पूर्ण होऊन प्रत्येक चांगल्या कामासाठी ‘सज्ज’ व्हावा असं आहे, मग अजून काय पाहिजे. मला दोघांचंही ऐकताना वाटतं की पौल तीमथ्याला पत्र लिहीत होता, या वादाचा निकाल देत नव्हता.

आता मावशींकडे येतो, कारण त्यांच्या बाजूला एक मुद्दा असा आहे की त्याला उत्तर देणं सोपं नाही. शास्त्रात कुठली पुस्तकं येतात याची यादी शास्त्रात नाहीये. नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तकं तंतोतंत अशी पहिल्यांदा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात दिसतात, म्हणजे कोणीतरी, मंडळीत बसून, हे घ्या ते नको असं ठरवत आणलंय. तुमच्या बायबलात सहासष्ट पुस्तकं, मावशींच्या बायबलात त्र्याहत्तर, आणि हा फरक कुठलंही वचन काढून मिटत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये म्हणूनच शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली अलिखित परंपरा या दोन्हींना सारख्याच आदराने स्वीकारायचं असं ठरवलं. कॅथलिक लोक विचारतात, पुस्तक स्वतःहून बोलत नाही, वाचणारा कोणीतरी लागतो, मग शेवटचा वाचणारा कोण? आणि ‘शास्त्रच’ म्हणणाऱ्यांचे इतके पंथ का झाले? प्रश्न खरा आहे. हा, पोपच्या बाजूनेही वाचणारे एकमेकांशी भांडतच आलेत, पण तिथे भांडण घराच्या आत राहतं.

इथे ‘परंपरा’ हा शब्द मात्र जपून. कॅथलिक ज्याला ट्रॅडिशन म्हणतात त्याला तुमच्या मसुद्यात दोन ठिकाणी ‘रूढी’ केलंय, ते कृपया काढा. मराठीत ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ ही म्हण जो तो टोमणा म्हणूनच वापरतो, शास्त्र काहीही म्हणो, चालतं ते रूढीचं. ती ट्रेंटच्या तोंडी घालणं अन्याय आहे, त्यांनी रूढीला शास्त्राच्या वर बसवलेलं नाही. ‘परंपरा’ चालेल. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात ‘वाडवडिलांचा संप्रदाय’ आलाय, आणि हा शब्द मला भारी आवडतो कारण सम्-प्र-दा, हातातून हातात देणं, आणि लॅटिन ‘त्रादित्सिओ’तही तोच देण्याचा धातू आहे. पण आज ‘संप्रदाय’ म्हटलं की आपल्याला वारकरी संप्रदायच आठवतो, त्यामुळे वापरलात तर लोक गोंधळतील. नाही वापरला तर बरं.

मी स्वतः कोणत्या बाजूला हे तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो, मी चर्चला जाणारा नाही, पण ‘अंतिम’ या शब्दाची किंमत मला पंडिता रमाबाईंमुळे कळली. संस्कृत शास्त्रं तोंडपाठ, कलकत्त्याला १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ पदव्या, १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, आणि त्यानंतर लगेच ज्या अँग्लिकन भगिनींकडे (मठातल्या जोगिणींकडे) राहत होत्या त्यांच्याशीच वाद. १८८५ च्या पत्रात रमाबाईंनी सरळ कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता बिशपच्या तोंडून येईल तो प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानून तसंच दुसरं जोखड मी मानेवर घेणार नाही. परक्या देशात, त्यांच्याच आश्रयाला राहून, एका मराठी बाईने हे लिहिलंय! तिच्या हातात अपील करायला बिशपच्याही वरचं काहीतरी होतं म्हणून ती लिहू शकली. आणि पुढे काय केलं, तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, त्या गेल्या १९२२ ला आणि ते पूर्ण छापून आलं १९२४ ला. म्हणजे ‘शास्त्र अंतिम’ म्हणून त्या थांबल्या नाहीत, ते शास्त्र ज्याच्या त्याच्या हातात जाईल याची सोय केली. नाहीतर शास्त्र अंतिम आणि वाचणारा एकच शास्त्री, असं झालं की पोप बरा म्हणायची वेळ येते. आजकाल काही ठिकाणी माईकवर ‘बायबल सांगतं’ म्हणत जे चालतं त्यात बायबल किती आणि पास्टर किती हे ज्याचं त्याने बघावं.

आणि परंपरा नको म्हणणाऱ्यांनी ‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चमधलं गीतांचं पुस्तक उघडून बघावं. रविवारी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आज्ज्या पुस्तकाकडे न बघता म्हणतात. टिळकांचा शब्द काही शास्त्र नव्हे, पण तो गायचा नाही असं कुठल्याच मराठी मंडळीत मी ऐकलेलं नाही.

तर तुमच्या मसुद्यापुरतं सांगायचं तर मुखपृष्ठावर ‘शास्त्र हेच अंतिम प्रमाण’, आत वाक्यात येईल तिथे ‘केवळ शास्त्राच्या आधारे’, आणि लॅटिन शब्द देवनागरीत एकदाच, पहिल्या पानावर. जे लोक खरंच ‘बायबल सोडून काहीच नको’ म्हणतात त्यांच्याबद्दल लिहिताना ‘फक्त बायबल’ वापरा, त्यांना तो शब्द अगदी चपखल बसतो. ‘अधिकार’ शक्यतो टाळा, मराठीत अधिकार म्हटलं की साहेब डोळ्यासमोर येतो. आणि सातव्या पानावर ‘तिमथी’ झालंय, तुमच्या मराठी बायबलात ‘तीमथ्य’ आहे, पहिली वेलांटी दीर्घ.